मोडलेल्या सुपारीचं लुगडं

धुकं अजून उठलं नव्हतं, तरी वासंती माळ्यावर चढली होती. चार बांबू, त्यावर मोडक्या खाटेचा सांगाडा, वर गोणपाट, असा तो माळा. भोवती पुरुषभर उंचीचा शाळू, दुधात आलेला. कणसं दवानं जड होऊन खाली वाकलेली. धुक्यातून राघूंचा कलकलाट जवळ आला की वासंती उभी राहायची, गोफण डोक्याभोवती फिरवायची आणि "हाऽऽ" म्हणून अशी आरोळी ठोकायची की समोरच्या श्रीवास्तवांच्या घरात चहा उतू जायचा.

गोफणीत दगड नसायचा. हे काही खानापूर तालुक्यातलं माळरान नव्हतं. हे लखनौचं विकासनगर. दोन पक्क्या घरांच्या मधे सुटलेला हाउसिंग बोर्डाचा रिकामा प्लॉट होता, मालक दिल्लीला नोकरीत. त्याला फुकटात गाजरगवत निघाल्याचाच आनंद. काचा फुटू नयेत म्हणून वासंती चिकणमातीचे गोळे वळून उन्हात वाळवायची आणि तेच गोफणीत घालायची. बियाणं तिनं बापाच्या धोतराच्या सोग्यात बांधून गाडीनं आणलं होतं. इथली माती करडी, पिठासारखी भुसभुशीत. काळ्या रानासारखी ती भेगाळत नाही, पायाला धरून ठेवत नाही. पहिल्या वर्षी वासंतीनं मूठभर माती हुंगली आणि म्हणाली, "परकी हाय, पर खोटी न्हाई." आणि पेरलं.

कॉलनीला ते पीक आधी कळलंच नाही. या मुलखात ज्वारी म्हणजे चरी, जनावरांची. श्रीवास्तवभाभीनं आदबीनं विचारलं होतं, भैंस कब ला रही हैं? मग एका माघात वासंतीनं तिला कोवळा हुरडा भाजून, तळव्यावर चोळून खायला दिला. तेव्हापासून भाभी स्वतःच्या गच्चीवरून थाळी वाजवून राघू हाकलायची.

वासंतीचा नवरा नरहर चौकातल्या सराफा गल्लीत गलाईचं काम करायचा. लोकांचे मोडके दागिने, सराफांच्या दुकानातला केर, सगळं भट्टीत घालून त्यातून शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची, हा धंदा. आमच्या भागातली निम्मी माणसं या कामापायी मुलूखभर पांगलेली. पाऊस फिरकत नाही, माळावर कुसळाशिवाय काही येत नाही, मग पोरं मिसरूड फुटायच्या आत कुठल्या तरी मामा-काकाच्या भट्टीवर जाऊन बसतात. नरहर असाच आला, राबला, पैशाला पैसा जोडून विकासनगरात घर केलं. हाताचा कसबी होता. पण भट्टीपुढं बसून बसून त्याला एक खोड जडली होती. माणूस समोर आलं की तो त्याला कसाला लावायचा. कोण कुठला, कुणाशी बोलतो, आधी कुणाकडं होता, भेसळ किती. आणि सगळ्यात जास्त घासली होती ती घरचीच.

त्याचं कारण वासंतीचा खरेपणा. आई लहानपणी गेली म्हणून तिला आत्यानं वाढवलेलं. आत्याचा मुलगा लक्ष्मीकांत, तिच्याहून थोडा मोठा. आमच्याकडं आत्याच्या पोराचा हक्क असतो, त्याप्रमाणं आत्यानं मागणी घातली होती. ही दोघंच नको म्हणाली. एका ताटात जेवलेलो, कसं व्हायचं नवरा-बायको? विषय तिथं संपला. पुढं नरहर बघायला आला, थोरल्या माणसांनी दोघांना गोठ्यापाशी घडीभर उभं केलं, तेव्हा वासंतीनं आपण होऊन हे सांगितलं. पाठीमागं कुणी काही बोलायला नको म्हणून. नरहर सगळं ऐकून छाती काढून म्हणाला होता, "माझ्या पायाला दुसऱ्या कुठल्या दाराची धूळ न्हाई. तुमचंच दार पयलं."

वासंतीला ते वाक्य इतकं गोड लागलं की तिनं जात्यावर त्याची ओवी केली.

लग्न झालं आणि ते तिचं खरं बोलणं नरहरनं मुरवून ठेवलं. भाजीत मीठ कमी पडलं तरी लक्ष्मीकांत, कपडे वाळले नाहीत तरी लक्ष्मीकांत. गावी गेलं की तो तिला माहेरी बापाकडं सोडायचा, पण शेजारच्याच गावात असलेल्या आत्याच्या उंबऱ्याला पाय लावायची बंदी. सलोनी जन्मली, शाळेत जायला लागली, घरात मराठी ऐकून फटाफटा हिंदीत उत्तरं द्यायला लागली, पण आत्यानं तिचं तोंड बघितलं नव्हतं. बाप्याची जात संशयी असते असं म्हणून वासंतीनं ते सोसलं होतं. माणूस तरी स्वच्छ आहे, एवढा तिचा आधार.

यंदा पौषातच विश्वास दारात आला. तोही गलाईवाला, कानपूरची भट्टी उचलून नुकताच लखनौला आलेला. गावाकडच्या यात्रेला जाऊन आला होता आणि आत्याचा निरोप घेऊन आला होता. आत्याच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, दुसराही झाकोळत चालला होता. दिसतंय तोवर वासंतीला आणि नातीला एकदा बघू द्या, एवढंच तिनं सांगितलं होतं.

संध्याकाळी वासंतीनं नरहरपुढं ताट ठेवलं आणि निरोप सांगितला. नरहरनं भाकरी मोडता मोडता म्हटलं, "आत्याला दिसंना झालंय, लक्ष्मीकांताला दिसतंय की."

वासंती उठून चुलीकडं गेली. पण दारात आलेल्या विश्वासला तिनं रीतीप्रमाणं हुरड्याचं आवतण दिलं होतं, ते तिनं जाता जाता सांगितलं. बायकोला घेऊन या म्हणाले मी, नाव कांचन हाय म्हणं तिचं.

नरहरचा घास तोंडातच राहिला. मग त्यानं चमत्कारिक बोलायला सुरुवात केली. यंदा हुरडा नको. थंडी फार आहे. राघूंनी सगळा शाळू खाल्ला म्हणून सांगू. विश्वासची माणसं बरी नाहीत. वासंतीला वाटलं, आत्याच्या निरोपाचाच राग आहे. आवतण दिलेलं माघारी घेता येत नाही, एवढं बोलून तिनं दिवा पुढं सरकवला.

रविवारी धुकं फाटून ऊन पडलं. प्लॉटच्या कडेला खड्डा खणून, गवळ्याकडच्या गोवऱ्या पेटवून आगटी केली. चौकातल्या ओळखीच्या मराठी बिऱ्हाडांच्या सतरंज्या पडल्या. कणसं राखेत पुरायची, बाहेर काढून गरम गरम चोळायची, वर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. श्रीवास्तवभाभी दही घेऊन आली होती. वासंतीनं सुपारीला, म्हणजे साखरपुड्याला, सासूनं नेसवलेलं आपलं डाळिंबी इरकली लुगडं काढलं होतं. वर्षातून दोनदा ती ते काढायची. पदराच्या टोकाला हिरव्या रेशमाचं एवढंसं पान काढलेलं होतं. सासूनं सांगितलं होतं, नजर लागू नये म्हणून इणकरानं मुद्दाम काढलंय.

कांचन धिप्पाड, बोलकी बाई. आली ती सरळ आगटीपाशी मांडी घालून बसली आणि वासंतीच्या बरोबरीनं कणसं चोळायला लागली. नरहर तिच्याकडं पाठ करून शाळूच्या ताटांचं निरीक्षण करत उभा होता. त्यानं तेवढ्या काळात प्लॉटचं कुंपण दोनदा तपासलं. वासंती वाकली तसा पदर सुटून कांचनच्या मांडीवर आला. तो राखेत पडू नये म्हणून कांचननं उचलला आणि टोक हातात तसंच धरून राहिली.

"वैनी, ह्ये लुगडं कुठलं वो?"

"सुपारीचं माझ्या."

"ह्ये पान माझ्या आईनं काढलंय." कांचन हळू बोलली, पण आगटीभोवती सगळ्यांना ऐकू गेलं. "माझ्या सुपारीला उदबत्तीचं फूल पडून भोक पडलं. वंगाळ दिसाय नगं म्हणून आईनं बसल्या बसल्या त्येच्यावर पान भरलं. मागनं सुपारी मोडली, लुगडं माघारी धाडलं आमी. तुमास्नी कसं आलं?"

सुपारी मोडली की नवरीकडून सगळं परत जातं. अंगठी असेल तर गलाईवाल्याला सोपं आहे. भट्टीत घातली की सोनं कुणाच्या बोटातलं होतं ते विसरून जातं. लुगड्याला भट्टी नाही. म्हणून ते देवीला वाहतात, दुसऱ्या नवरीच्या अंगावर घालत नाहीत. पण नरहरच्या आईला इरकलीचा मोह सोडवला नसावा.

वासंतीनं नवऱ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. नरहर म्हणाला, या बाईला मी ओळखत नाही. विश्वास हसला, तसा नरहर म्हणाला, ओळखतो, पण ते थोरल्या माणसांचं काम होतं, मी गेलोच नव्हतो. कांचन म्हणाली, मग माझ्या शेजारी पाटावर कोण बसलं होतं? त्यावर नरहरनं घसा खाकरला आणि इज्जतीनं सांगितलं, की स्थळ आपल्याला पसंत नव्हतं, म्हणून आपणच मोडलं.

कांचननं हातातलं कणीस खाली ठेवलं.

"खोटं कशापायी बोलता? सुपारी फुटली, साखर वाटली, आन् तुमी भर मांडवात मला इचारलं, कुठल्या कुठल्या पोरांसंगं बोलतीस. मी म्हणलं, सगळ्यास्नी बोलती, तोंड हाय मला. आन् घरात जाऊन बापाला सांगितलं, ह्यो माणूस नगं. न्हाई मी म्हणली. तुमी न्हाई."

आगटीत एक गोवरी ढासळली. लखनौची माणसं फार सभ्य. श्रीवास्तवभाभीला अक्षर कळलं नसेल, पण ती दह्याचं भांडं उचलून म्हणाली, "धूप कितनी अच्छी निकली है." आणि सगळ्यांनी सुटल्यासारखं आभाळाकडं बघितलं.

वासंतीनं त्या दिवशी सगळ्यांना पोटभर खायला घातलं. कांचनला निघताना कुंकू लावलं आणि ओटीत हुरडा घातला. मग लुगडं बदललं, घडी घातली आणि ट्रंकेत न ठेवता दाराच्या खुंटीवर टांगलं. येता जाता नरहरच्या तोंडाला ते लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं एकदाच विचारलं. आवाज चढवला नाही.

"मला त्या बाईचा राग न्हाई. सुपारी मोडली म्हणून तुमी उणं झाला न्हाईत. पर मी खरं सांगितलं, त्येचा दंड तुमी मला अजून लावताय. आत्याला तोडून ठेवली माझ्यापासनं. आन् तुमी खोटं सांगितलं, त्येचा दंड कुणाला लावायचा?"

नरहरनं चपला घालत सांगितलं, की बाप्याची गोष्ट वेगळी असते आणि झालं ते भट्टीत गेलं. आणि टेम्पो पकडायला निघून गेला.

वासंती माळ्यावर चढली. राघू आले, तिनं गोफण फिरवली, पण नेहमीची आरोळी निघाली नाही. ओवी निघाली. जात्यावरची मोकळी, लांब सुराची ओवी, साऱ्या विकासनगरावर पसरणारी:

डाळिंबी लुगडं माझं, पदराला हिरवं पान
आधी नेसली ती कोण, धनी माझा धरी मौन

पाच-सहा घरांच्या खिडक्या उघडल्या. वासंतीला त्याचं काही नव्हतं. इथं मराठी कळतं कुणाला? मोकळ्या रानात रडावं तशी ती गायली.

साखर वाटली गं, वाटून झाली गार
नवरी म्हणाली न्हाई, सांगे मीच दिला नकार

रोज सकाळी हेच सुरू झालं. ओवीला ओवी जोडत गेली. नरहर आंघोळीला बसला की डोक्यावरून ओवी जायची, दाढी करताना आरशात ओवी. त्याला एकट्यालाच रोख कळत होता, आणि तेच फार वाईट होतं. थंडीत गच्चीवर चहा घेऊन बसणाऱ्या श्रीवास्तवांनी एके दिवशी त्याला कौतुकानं हाक मारून विचारलं, भाई साहब, भाभीजी किसका भजन गाती हैं? बडी पीडा है आवाज में.

"देवी का," नरहर म्हणाला.

"कौन सी देवी?"

"हमारी तरफ की हैं. बहुत कडक हैं."

झालं. देवीचं भजन म्हटल्यावर भाभी कशी गप्प बसेल? तिच्या घरी वसंतपंचमीला बायकांचं कीर्तन असायचं. ती येऊन वासंतीचे हात धरून बसली. आपको गाना पडेगा, वही देवी वाला. वासंतीनं विचारलं, कोण म्हणालं देवीचं? भाभी म्हणाली, भाई साहबने बताया. वासंतीनं खुंटीवरच्या लुगड्याकडं बघितलं. आणखी एक खोटं, आणि तेही देवीच्या नावावर. मग ती म्हणाली, गाती है. मगर वो भी आने का. कांचन को भी बुलाने का.

नरहरनं पंचमीच्या दिवशी ताप आल्याचं सोंग काढलं. सलोनीनं कपाळाला हात लावून जाहीर केलं, "पापा तो एकदम ठंडे हैं." श्रीवास्तव स्वतः न्यायला आले. सगळे पिवळे कपडे घालून बसले होते, सरस्वतीच्या तसबिरीपुढं केशरी भात आणि बुंदी. ढोलक होता, झांजा होत्या. पुरुषांना भिंतीशी बसवलं होतं. नरहरला पाव्हणा म्हणून पुढं घेतलं. कांचन त्याच्या समोर, बायकांत. तिनं त्याला हात जोडून नमस्कार केला.

वासंती डाळिंबी लुगडं नेसून आली होती.

तिनं डोळे मिटून पहिली ओवी धरली. ढोलकवालीनं ठेका पकडला. बायकांना शब्द कळत नव्हते, पण ओळीचा शेवट कळत होता. "धरी मौन" आलं की सगळ्या एका सुरात "धरी मौन" म्हणायच्या. "दिला नकार" आलं की तिप्पट जोरानं. चाळीसभर बायका माना डोलवत, टाळ्या वाजवत नरहरची मोडलेली सुपारी गात होत्या. शेजारचे श्रीवास्तव कोपरानं ढोसून म्हणत होते, ताली बजाइए, भाई साहब. नरहरही टाळ्या वाजवत होता. मग ठेका उतरला आणि वासंतीचा आवाज एकटाच राहिला.

आत्याच्या डोळ्यांत गं, सांज उतरली बाई
दिसतंय तवर ये म्हणती, पायाला मोकळीक न्हाई

ढोलकवालीनं ढोलक खाली ठेवला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, मराठीचा गंध नसताना, पदरानं डोळे पुसायला लागली.

श्रीवास्तवभाभी म्हणाली, "इसका अर्थ बताइए, भाई साहब. आप ही समझाइए सबको."

नरहर उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. समोर कांचन बसली होती, कानपुरात इतकी वर्षं काढलेली, त्याच्याहून झणझणीत हिंदी बोलणारी. ती काहीच करत नव्हती. मांडीवर हात ठेवून वाट बघत होती. देवी म्हणावं तर ही बाई आता उठेल. नरहरनं वासंतीकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. लुगड्याचा पदर डोळ्यांना लावून बसली होती, ते हिरवं पान गालावर आलेलं.

"इसमें देवी नहीं है," नरहर म्हणाला. "इसमें एक आदमी है."

"अच्छा. भक्त है?"

"नहीं. झूठा है. एक लडकी ने उसको ना बोला. उसको शरम आई. तो उसने दूसरी को बोला, पहले मेरा कहीं कुछ नहीं था. दूसरी सच्ची थी. उसने अपना सब सच बताया. तो आदमी ने…" त्याचा आवाज बारीक झाला. "आदमी ने उसको ही पकडा. उसकी बुआ है, बूढी. उसने माँ जैसा पाला. उसकी आँखें जा रही हैं. आदमी जाने नहीं देता."

बायकांत कुजबुज उठली. डोळे पुसणारी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, बडा बेहूदा आदमी है. तीन-चार जणींनी होकार भरला. श्रीवास्तवांनी चष्मा काढून पुसला आणि छताकडं बघितलं. भाभीनं मात्र फार गोड आवाजात विचारलं, "फिर? कथा में आगे क्या होता है?"

नरहर खालचा ओठ चावत उभा राहिला. मग म्हणाला, "जाने देता है."

"कब?"

"परसों की गाडी से."

"रिजर्वेशन कहाँ मिलेगा परसों का," मागून कुणी तरी पुटपुटलं.

"मिल जाएगा," श्रीवास्तव म्हणाले. ते रेल्वेत होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, खिशातून पेन काढलं आणि कथेतल्या माणसाविषयीच बोलावं तितक्या आदबीनं विचारलं, "कितने टिकट लगेंगे, भाई साहब? कथा के हिसाब से?"

"ढाई," नरहर घाईनं म्हणाला. "दो पूरे, एक आधा."

पदर खाली आला. वासंतीचे डोळे लाल होते, पण कोरडे.

"डेढ," ती म्हणाली. "एक मेरा, आधा सलोनी का. वो आदमी इधरच रहता है. उसको खाना पकाने को आता है."

श्रीवास्तवांनी हातावर लिहून घेतलं. भाभीनं प्रसादाची थाळी उचलली आणि सगळ्यांच्या आधी नरहरपुढं धरली. "लीजिए, भाई साहब," ती म्हणाली, "आपने बहुत अच्छा अर्थ समझाया."

नरहरनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि खाली बघत बुंदी घेतली.